खुंटी कुणाच्या उंचीची?

जुन्या साड्यांच्या गोधड्या, पिशव्या आणि पाकिटं शिवून विकणाऱ्या एका सामाजिक उद्योगात मी एकोणीस वर्षं काढली. सामाजिक उद्योग म्हणजे काय, असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगायचे, ‘दुकानासारखं विकायचं, आणि नफा उरलाच तर तो शिवणाऱ्या बायकांकडेच परत.’ ‘उरतो का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर दरवर्षी वेगळं असायचं. पुण्याच्या कडेला आम्ही तीन जागा केल्या. आधी एका सोसायटीचं तळघर, मग नाल्याजवळचं पत्र्याचं शेड आणि शेवटी एक जुनं बैठं घर, पुढे अंगण, मागे मोरी. बावीस बायकांवरून एक्केचाळीसवर गेलो. या काळात कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यावर चार-पाच शिबिरं मी केली असतील. त्यातलं चहाबरोबरचे सामोसे सोडून फारसं काही आठवत नाही. जागांनी जे शिकवलं ते मात्र पक्कं बसलंय.

१. माठ संध्याकाळी किती रिकामा होतो, ते बघा

तळघरात संडास नव्हता. वॉचमनचा होता, गेटपाशी, आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. आतून विटेचा टेकू लावायचा. जागेचा करार करताना मी विजेचा लोड बघितला, भाडं घासून कमी केलं, टेम्पो आत वळतो का तेही बघितलं. संडासाचं ‘होईल काहीतरी’ म्हणून सोडून दिलं. मी दिवसातून दोनदा बँकेत, बाजारात जायचे, त्यामुळे माझं भागायचं.

सहा-सात महिन्यांनी लक्षात आलं, की सकाळी भरलेला माठ संध्याकाळी जवळजवळ तसाच असतो. बावीस बायका, मे महिना, आणि माठ भरलेला! बायका पाणीच पीत नव्हत्या. घरून निघताना घोटभर, मग थेट संध्याकाळी घरी गेल्यावर. हजेरीच्या वहीत ‘ताप’, ‘ओटीपोटात दुखतं’, ‘लघवीला जळजळ’ या रजा मी इमानेइतबारे लिहीत होते आणि विश्वस्तांच्या बैठकीत ‘गैरहजेरी’ या सदराखाली त्यांची बेरीज वाचून दाखवत होते. वही आणि माठ एकाच खोलीत, दहा फुटांवर. पुढे २०११ मध्ये मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ चळवळ सुरू झाली, तेव्हा तिच्या नावालाच नाकं मुरडणारे बरेच भेटले. मला ते नाव आवडलं. सोवळ्या शब्दांत बोलत राहिल्यामुळेच माझे सहा-सात महिने गेले होते.

आता कुठलीही जागा बघायला गेले की आधी मागे जाते. आतून लागणारी कडी, नळाला पाणी, दिवा, झाकणाची बादली. पाचवी गोष्ट आमच्या कटिंगच्या मावशींनी वाढवली : भिंतीत एक खिळा. ‘ताई, पिशवी काय दातात धरायची?’

२. भांडणं सोडवण्याआधी छताकडे बघा

शेडमधे संडास होता, मोठी जागा होती, उजेड होता. मी खूश होते. मार्च उलटला आणि दुपारी तीनच्या सुमाराला भांडणं सुरू झाली. कुणी कुणाची कात्री घेतली, कुणी पंखा आपल्याकडे वळवला, कुणी बॉबीन परत ठेवली नाही. सुया तुटायच्या, शिवण उसवून परत घालावी लागायची. मी एका बाईंना बोलावून ‘सुसंवाद कौशल्य’ या विषयावर कार्यशाळा ठेवली. त्यांनी गोल करून बसवलं, चेंडू फेकायला लावला आणि ‘मला राग कधी येतो’ हे एकेकीला सांगायला लावलं. ओव्हरलॉकवाली म्हणाली, ‘दुपारी.’ सगळ्या हसल्या. बाईंनी फळ्यावर ‘दुपार’ लिहिलं आणि त्यामागच्या भावना शोधायला सुरुवात केली.

भावना नव्हत्या, पत्रा होता. साधा सिमेंटचा नाही, लोखंडी, वर काही नाही, खाली काही नाही. दुपारी वरून तवा पालथा घातल्यासारखं व्हायचं. कार्यशाळेच्या मानधनापेक्षा कमी पैशांत आम्ही छतावर चुना आणि फेविकॉलचा पांढरा हात दिला. पांढरा रंग ऊन परत फेकतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्याने माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्म्याचा कृती आराखडा केला, आणि ‘सेवा’च्या परिवारातली महिला हाउसिंग ट्रस्ट ही संस्था वस्त्यांमधली छपरं पांढरी करून देते, हे मला एका मैत्रिणीने सांगितलं होतं. लोखंडी पत्र्यावरचा चुना पावसाळ्यात धुऊन जातो. दर फेब्रुवारीत परत शिडी लावायची, ही त्यातली मेख.

मग वाऱ्यावर फिरणारे ते चकचकीत भोपळे, दोन, छतावर बसवले. आठवडाभर काही फरक पडेना. भोपळा गरम हवा वर ओढतो खरा, पण खालून हवा आत आली तर! खालच्या झडपांसमोर आम्ही साड्यांचे गठ्ठे कमरेपर्यंत रचले होते. गठ्ठे दुसऱ्या भिंतीला हलवले त्या दिवशी फरक कळला.

एवढ्यानेही एप्रिल-मे निभेना, म्हणून वेळ बदलली. सकाळी आठ ते दीड. यामुळे मी स्वतःवर फार खूश होते, पण सहा जणींच्या वस्तीत नळाला पाणी नऊला यायचं. त्या दहालाच यायच्या. त्यांना उत्तरेच्या भिंतीकडच्या मशिनी दिल्या, कारण ती बाजू उशिरा तापायची. कार्यशाळेच्या बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत. भेटल्या तर माफी मागायची आहे. त्यांना मीच चुकीचा प्रश्न दिला होता.

३. खाली बसण्यात कमीपणा नक्की कुणाला वाटतो?

बैठ्या घरात आलो तेव्हा एका कंपनीने फर्निचरसाठी पैसे दिले. अट नव्हती, पण अपेक्षा होती, की फोटोत बायका टेबल-खुर्चीवर दिसाव्यात. मलाही ते पटलं. जमिनीवर बसून काम म्हणजे हलकं काम, असं माझ्या डोक्यात कुठेतरी होतं. सोळा टेबलं आली. पंधरा दिवसांत ती भिंतीला लागली आणि बायका सतरंजीवर. गोधडी टेबलावर होतच नाही. ती अंथरावी लागते, तिच्यावर बसावं लागतं, धावदोरा घालत चार जणींनी चार कडांनी आत सरकावं लागतं. हे मला माझ्या आजीने गोधडी घालताना दाखवलेलं होतं, आणि तरीही मी सोळा टेबलं मागवली.

पण ‘बायकांना खालीच आवडतं’ असं म्हणून मोकळं होणंही खोटं. पन्नाशीपुढच्या तिघींना गुडघ्यांमुळे उठताना भिंत धरावी लागायची. त्यांनी टेबलं ठेवून घेतली, पिशव्यांचं काम घेतलं. कटिंगचं टेबल सुताराने स्वतःच्या उंचीने केलं होतं आणि आमच्या मावशी चार फूट नऊ इंच. त्या वर्षभर खांदे वर चढवून कापत होत्या. पायाखाली लाकडी पाट दिला, काम झालं. ज्यांना उभ्याने काम करावं लागतं त्यांना बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना हा हक्क मिळवायला केरळात २०१८ पर्यंत झगडावं लागलं. आमच्याकडे तर मालकही आम्ही आणि चळवळही आम्ही. विचारायचं राहून गेलं होतं, एवढंच.

गडचिरोलीला डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी शोधग्राममध्ये आदिवासींसाठी दवाखाना बांधताना त्यांनाच विचारलं, की तो कसा हवा. म्हणून तिथे वॉर्डांच्या रांगा नाहीत, झोपड्या आहेत, आणि नातेवाईक पेशंटबरोबर राहतात. हे मी भाषणात अनेकदा सांगितलंय. टेबलं मागवण्याच्या महिन्यातसुद्धा एकदा सांगितलं होतं.

४. दार लागणारी एक खोली हवी, आणि ती तुमची नको

घरात एकच खोली अशी होती जिला खिडकी, दार आणि कूलर तिन्ही होतं. तिथे अर्थातच मी बसायचे. पाठीमागे भिंतीवर समतेचं पोस्टर.

एका मुलीने तक्रार केली, आमच्याकडे माल न्यायला येणाऱ्या माणसाबद्दल. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, तशी आमची होती, फलकावर नावंही होती. समिती बसणार कुठे? हॉलमधे एकवीस मशिनी बंद करून सगळ्या आमच्याकडे बघणार. म्हणून माझ्या खोलीत. ती मुलगी माझ्या टेबलासमोर, माझ्या खुर्चीसमोर बसली आणि ‘काही नाही, गैरसमज झाला’ म्हणून उठून गेली. नंतर अंगणात, नळाशी, हात धूत असताना तिने सगळं सांगितलं. त्या माणसाचं येणं आम्ही बंद केलं. पण आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापलीकडून बोलू शकली नाही, हे मला बराच काळ टोचत राहिलं.

मी हॉलच्या कोपऱ्यात आले. खोलीत एक खाट, दोन खुर्च्या, बाथरूमला असते तशी आतून कडी. कुणाची पाळी असते, कुणाला नवऱ्याशी फोनवर भांडायचं असतं, कुणाला वीस मिनिटं नुसतं पडायचं असतं. कारण लिहायची वही ठेवली नाही. विश्वस्तांपैकी एक म्हणाले, गैरफायदा घेतील. घेतला असेलही कुणीतरी वीस मिनिटांचा.

५. हिरकणी कक्षात बॅनर ठेवू नका

आपल्याकडे एसटी स्टँडवर आणि सरकारी कचेऱ्यांत हिरकणी कक्षाची पाटी दिसते. तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरणारीचं नाव, किती चपखल. दार उघडावं तर आत मोडक्या खुर्च्या आणि गेल्या वर्षीचे बॅनर. हसू नये, कारण आमचाही झाला होता. अंगावर पिणारं मूल सध्या कुणाचंच नाही म्हणून एका प्रदर्शनाचा माल तिथे ठेवला, आणि मग तो तिथेच राहिला. एक जण बाळंतपणानंतर कामाला लागली ती जिन्याखाली पदर घेऊन बसू लागली. माल हलवा, असं ती बोलली नाही. ती नवीन होती.

पाळणाघराचं गणित वेगळं. कारखाना कायद्यात तिसांहून जास्त बायका असतील तर पाळणाघर लागायचं. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांची अट आली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा. आम्ही बावीस होतो तेव्हा कुठल्याच कायद्यात बसत नव्हतो आणि मुलं मशिनींखाली खेळत होती. एकाने तापलेल्या इस्त्रीवर तळहात ठेवला. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटावरच्या बांधकामाशी मातीत पडलेली मजुरांची मुलं पाहून मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेस सुरू केली. आम्हाला एक भाजलेला हात लागला. त्यानंतर शेडचा एक कोपरा जाळीने तोडला, एक सांभाळणारी बाई ठेवली, तिचा पगार गोधडीच्या किमतीत घातला. गोधडी महाग झाली. ‘एवढी का हो?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी जाळीकडे बोट दाखवायचे.

६. सगळ्यांची जागा चार भिंतींत नसते

हे सगळं लिहिताना मला घर दिसतं, अंगण दिसतं. पण आमच्या दोन कार्यकर्त्या वस्त्यांमधे फिरून साड्या गोळा करायच्या, बचतगटांच्या बैठका घ्यायच्या. त्यांची कामाची जागा म्हणजे सहा आसनी रिक्षा, कुणाचा तरी ओटा, बसस्टॉप. त्यांच्यासाठी मी काय केलं होतं? छत्री दिली होती, संस्थेचं नाव छापलेली.

भंवरीदेवी राजस्थानच्या सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांना ना टेबल होतं ना खुर्ची. त्यातून पुढे आलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली, आणि २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जावं लागतं ती प्रत्येक जागा, मालकाने दिलेलं वाहनसुद्धा, ‘कामाची जागा’ झाली. हा कायदा आम्ही भिंतीवर लावला होता. त्या दोघींची भिंतच नव्हती.

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. तिच्यामागे १९९३ ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या बायकांची एक मागणी जुनीच आहे : वेगळा करायला जागा द्या. सावली, पाणी, थोडा कोबा. तेवढ्यासाठी त्या फुटपाथवर उकिडव्या बसतात आणि वरून सोसायटीतली माणसं ‘इथे घाण नको’ म्हणतात. घाण कुणाची, हे विचारायचं नाही. दुसरीकडे लिज्जत. १९५९ मध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पुढे पद्धत बसली ती अशी : शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, लाटायचं घरी. मूल घरात, म्हातारी सासू घरात, काम घरात. आमच्याही काही बायकांनी ते मागितलं. मी होकार दिला, आणि एकीच्या घरी गेले तेव्हा बघितलं, की दहा बाय दहाच्या खोलीत गोधडी अंथरली की नवऱ्याला खाट उचलून बाहेर बसावं लागतं. ती महिन्याभरात परत आली. ‘इथं निदान पाय पसरता येतात,’ म्हणाली. दुसरी मात्र घरीच रमली, कारण तिला सासूपासून नाही, आमच्या सुपरवायझरपासून सुटका हवी होती. हेही तिने दोन वर्षांनी सांगितलं.

फिरणाऱ्या दोघींसाठी शेवटी आम्ही एवढंच केलं, की प्रत्येक वस्तीत एक घर ठरवलं, जिथे संडास वापरता येईल आणि पंखा आहे. त्या घराला महिन्याला थोडे पैसे द्यायला लागलो. हिशेबनीस विचारत होता, हे कुठल्या खात्यात टाकू.

७. कुठल्या खात्यात टाकू, हा साधा प्रश्न नाही

भाडं, वीज, संडासाची दुरुस्ती हे सगळं ‘प्रशासकीय खर्च’ या डब्यात पडतं, आणि तो डबा लहान ठेवणं हे चांगल्या संस्थेचं लक्षण मानतात. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर २०२० च्या दुरुस्तीने ही मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. देणगीदार प्रशिक्षणाला पैसे देतो, शिलाई मशीनला देतो, तिच्यावर नाव लिहिता येतं. मोरीच्या फरशीवर कुणी नाव लिहीत नाही. शिवाय आपल्याच मनात एक आवाज असतो, की समाजकार्य करणाऱ्याने पत्र्याखालीच बसायला हवं. मी तो आवाज बरीच वर्षं ऐकला. त्याग मी करत होते असं वाटायचं. घाम मात्र बाकीच्यांना पगाराशिवाय गाळायला लागत होता.

८. एकत्र जेवायला लावू नका

यात मी हरले, ते सांगते. डबे खायला बायका आपापल्या वस्तीच्या गोलात बसायच्या. वस्ती म्हणजे काय, ते मराठी वाचकाला सांगायला नको. मी एक लांब टेबल आणलं, सगळ्यांनी त्यावर. दुसऱ्या आठवड्यात उपास वाढले. तिसऱ्या आठवड्यात निम्म्या अंगणात, तेच गोल. टेबलावर मी आणि हिशेबनीस.

टेबल काढलं. चहाची शेगडी मात्र एकच ठेवली आणि चहा करायच्या पाळ्या लावल्या, चिठ्ठ्या टाकून. पहिल्या महिन्यात दोघींना ‘चहा सोडायचाय’ असं वाटलं. वर्षाने एकीने परत सुरू केला, आल्याचा वास सोसेना म्हणून. दुसरी आजही पीत नाही. जागेने एवढंच होतं.

९. खुंट्या त्यांनाच ठोकू द्या

बैठ्या घरात, टेबलांच्या फजितीनंतर, काय हवं असं या वेळी मी विचारलं होतं. वाटलं होतं कूलर म्हणतील. म्हणाल्या, खुंट्या. शेडमधे पिशव्या, छत्र्या, मंगळसूत्र काढून ठेवलेले रुमाल, सगळं एका ढिगात असायचं. एक लांब फळी आणली, सुताराला बोलावणार तर म्हणाल्या, ठोकू आम्हीच. एका ओळीत ठोकल्या नाहीत. जिचा हात जिथे पोचतो तिथे तिची. मावशींची सगळ्यांत खाली, ओव्हरलॉकवालीची वर. बघायला वेडीवाकडी. पाहुणे आले की विचारायचे, हे मुद्दाम केलंय का?

गेल्या वर्षी मालकाने घर बिल्डरला दिलं. परत जागा शोधली, एका जुन्या गिरणीमागचा गाळा. मी लोड बघितला, छत बघितलं, मागे जाऊन कडी लावून बघितली. टेम्पो आला त्या सकाळी मशिनींच्याही आधी मावशींनी फळी खोलायला घेतली. मी म्हटलं, राहू दे, तिथे नवीन करू, भिंत लहान आहे. त्या म्हणाल्या, ‘मावते. मापलीय.’ त्यांच्यातल्या चौघी आदल्या रविवारी बस पकडून तिथे जाऊन आल्या होत्या. संडासातला खिळाही ठोकून आल्या होत्या. मला कुणी सांगितलं नव्हतं.